ज्योतीरामनं छाटलेला निवडुंग

यंदाच्या मार्चात आमच्या बिल्डिंगमध्ये एक बातमी फिरत होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या ज्योतीरामनं सुनेवरचा राग तिच्या निवडुंगावर काढला. सून माहेरी बाळंतपणाला गेल्याचं बघून त्यानं झाडाची मुंडी उडवली आणि राहिलेल्या बुंध्यावर तेल ओतलं. बातमीला पुरावे होते. सुरी हातात असताना त्याला दोघांनी पाहिलं होतं. तेलाचा वास पॅसेजमध्ये दोन दिवस होता. शिवाय हे झाड घरात आलं तेव्हा, काटेरी झाड दारात बरं दिसत नाही, असं तो स्वतः बोलला होता, तेही माझ्या देखत.

बातमी खोटी आहे. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तेलाची ओळ सोडली तर बाकीची मीच तयार केलेली होती.

माझं तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. काळेवाडीत कागद नसलेला माणूस नाही, आणि कागद मशीनखालून निघेपर्यंत माणूस समोर उभा असतो. उभ्या माणसाला काहीतरी सांगावं लागतं. मी आपलं एवढंच म्हणालो होतो, की सून गेली आणि मागोमाग झाडाची मान गेली. संध्याकाळपर्यंत ती गंमत चौथ्या मजल्यावर गेली आणि तेल घेऊन खाली आली.

खरी गोष्ट अशी, की निवडुंग छाटायला सुनेनंच सांगितलं होतं. ज्योतीरामनं तो छाटला तेव्हा मी समोरच्या, म्हणजे माझ्या घराच्या, दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. पण आधी माणूस सांगतो.

ज्योतीराम मूळचा मराठवाड्यातल्या भूमकडचा. आयटीआय करून बाविसाव्या वर्षी इकडे आला. आधी भोसरीला होता, मग कंपनी चाकणला गेली तसा तिच्या मागे गेला. काही वर्षं कुरुळीत एका खोलीत सहाजणांत काढली, लग्न झाल्यावर काळेवाडीत आला तो इथलाच झाला. कंपनी गाड्यांचे शाफ्ट बनवते आणि ज्योतीराम फायनल इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे सगळ्यांनी मिळून जे केलं ते शेवटी ह्याच्या टेबलावर येतं आणि हा मान हलवतो. उभी हलवली तर माल गाडीत चढतो, आडवी हलवली तर लाल पेटीत.

ही मान त्यानं कंपनीत ठेवून घरी यावं, तर तसं नाही. त्याच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते. मी काढलेली झेरॉक्स त्यानं दोन मिलिमीटर तिरकी आहे म्हणून परत दिली आहे, आणि ती खरंच दोन मिलिमीटर तिरकी होती. आमचे घरमालक मारुतराव, हे जुने काळेवाडीचे, जमिनी विकून बिल्डिंगी बांधलेले. त्यांनी हौसेनं नवं लोखंडी गेट बसवलं तेव्हा ज्योतीराम त्याच्याकडे एक डोळा मिटून बघत राहिला. मारुतरावांनी तिसऱ्या दिवशी गेट काढून परत बसवलं. मंडईत तो टोमॅटो देठाकडून तपासतो. प्रीतमच्या, म्हणजे पोराच्या, लग्नपत्रिकेत त्यानं गणपतीची सोंड मधोमध नाही म्हणून दोनशे पत्रिका पुन्हा छापून घेतल्या. गणपतीची सोंड मधोमध नसते, हे छापणाऱ्यानं त्याला परोपरीनं सांगितलं होतं.

असा माणूस शेजारी असला की त्याची एक तरी चूक सापडावी असं कुणालाही वाटेल. मला वीस वर्षं वाटत होतं.

सून योगिनी दोन वर्षांपूर्वी आली. चिंचवडला एका कंपनीच्या खरेदी खात्यात कामाला, फलटणची, हसरी, चटपटीत. लग्नानंतर सामान आलं त्यात हा निवडुंग होता. गाडीत तो तिनं मांडीवर धरून आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. कॉलेजच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी कुंडीतून पडलेला करंगळीएवढा तुकडा तिनं उचलला, आइस्क्रीमच्या डब्यात लावला, आणि नऊ वर्षांत तो तिच्याबरोबर तीन खोल्या बदलून कमरेएवढा झाला. खांबासारखा सरळ, पाच धारांचा, धारेधारेला काटे, आणि वर दोन फाटे. ज्योतीराम त्या दिवशी जे बोलला ते सांगितलंच. योगिनीनं कुंडी पॅसेजमधल्या जाळीच्या खिडकीजवळ ठेवली आणि काट्यांच्या बाजूला एक जुनी खुर्ची लावली, सासऱ्याचा शर्ट अडकू नये म्हणून.

ह्या घराची एक रीत आहे. सून आणि सासरा थेट बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, पण बोलायचं ते सोजराबाईंच्या मार्फत. सोजराबाई म्हणजे ज्योतीरामची बायको. योगिनीनं म्हणायचं, आई, बाबांना चहा हवाय का विचारा. बाबा चार हातांवर बसलेले असतात. सोजराबाईंनी विचारायचं, त्यांनी हो म्हणायचं, सोजराबाईंनी ते हो पोचवायचं. ज्योतीरामच्या फोनमध्ये सुनेचा नंबर होता, पण दोन वर्षांत त्यानं तो एकदाही लावलेला नव्हता. सासऱ्यानं सुनेला फोन करून काय विचारायचं, असं त्याच्या गावाकडचं वळण. मर्यादा म्हणतात तिला.

संक्रांत झाल्यावर योगिनी फलटणला गेली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिनं व्हिडिओ कॉलवर झाड बघितलं तर ते उजेडाकडे ओढ घेऊन जाळीबाहेर झुकलेलं. खाली पोरं खेळतात. कुंडी कलंडली तर काय, ह्या काळजीनं तिनं सोजराबाईंना सांगितलं, की बाबांना वरचे दोन्ही फाटे कापायला सांगा, फाटे टाकू नका, सावलीत सुकत ठेवा, मी आल्यावर लावीन. निरोप पोचला. ज्योतीराम खूश झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सुनेनं काम सांगितलं होतं, आणि ते कापायचं काम होतं. इन्स्पेक्शनला येण्याआधी तो बारा वर्षं कटिंग मशीनवरच होता.

आमच्याकडं कंपन्यांना गुरुवारची सुट्टी. त्या गुरुवारी सकाळी ज्योतीरामनं पॅसेजमध्ये पोतं अंथरलं. सुरी दगडावर लावून घेतली, नखावर धरून बघितली. वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी करून ती फाट्याभोवती गुंडाळली, म्हणजे काटे हाताला लागत नाहीत आणि फाटा पडतही नाही. खडूनं खूण केली, स्टीलच्या पट्टीनं मोजली, दुसरी खूण पहिलीच्या बरोबर समोर आहे का ते बघितलं. मी दारातून सांगत होतो की पेशंटला आधी भूल द्या. मारुतराव पाण्याची मोटर बघायला वर आले होते, तेही थांबले. सोजराबाई पदर धरून उभ्या. एक फाटा, दुसरा फाटा. काप असा, की सोनारानं केला असावा.

मग त्या कापलेल्या बाजूंना पाणी सुटलं. पांढरट हिरवी, ओली, चकचकीत बाजू. बुंध्यावर दोन, फाट्यांना दोन. ज्योतीराम त्यांच्याकडे बघत बसला आणि त्याची चुळबुळ सुरू झाली. ती चुळबुळ मला तेव्हा कळली नाही, नंतर कळली. कंपनीत ताजा कापलेला लोखंडाचा तुकडा कुणी उघडा ठेवत नाही. सकाळच्या दवानं त्याच्यावर डाग पडतो आणि डाग पडला की तो तुकडा गेला. म्हणून कापला की लगेच ब्रशनं तेल. मोजायला पुसला की मोजून झाल्यावर परत तेल. आरपी म्हणतात त्याला, गंज न लागण्याचं तेल. तीस वर्षं ज्याचे हात हेच करत आलेत, त्याला ती ओली बाजू उघडी बघवेना.

तो सोजराबाईंना म्हणाला, “असं उघडं ठिवता येत नसतंय. काय लावायचं म्हणाली ती?”

सोजराबाई म्हणाल्या, लावायचं काहीच सांगितलं नाही.

तेव्हा ज्योतीरामनं खिशातून फोन काढला. अंगठ्यानं खाली खाली करत योगिनीचं नाव आणलं. नावावर अंगठा धरून तो उभा राहिला. मी चहा पीत होतो. मला गप्प बसता येत नाही हा माझा जुना आजार आहे.

“काय राव,” मी म्हणालो, “सुनेला विचारून सुरी धरायची वेळ आली का आता?”

मारुतराव मोठ्यानं हसले. मीही हसलो. सोजराबाई हसल्या नाहीत. ज्योतीरामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्यानं फोन खिशात टाकला, आत गेला आणि हत्यारांच्या पेटीतली बाटली आणि ब्रश घेऊन आला. तेल कंपनीतलं नव्हतं हे सांगितलं पाहिजे, तो पिंपरीतून विकत आणतो, घरातली हत्यारं पुसायला. त्यानं चारही बाजूंना एकसारखा हात दिला. ब्रश परत पुसला, पेटीत ठेवला. फाटे कपाटावर सावलीत गेले. मी खाली दुकानात गेलो आणि पहिल्या गिऱ्हाइकाला मान गेल्याची गंमत सांगितली.

पंधरा दिवसांनी फलटणहून बातमी आली, मुलगा झाला. ज्योतीरामनं बिल्डिंगभर पेढे वाटले. आमच्या दारात आला तेव्हा हातात पेढ्याचा बॉक्स आणि चेहरा मात्र कुणी गेल्यासारखा. मी विचारलं, नातवाचं वजन कमी भरलं का? तो कसंनुसं हसला आणि गेला. मग मी कुंडीकडे बघितलं. कुंडी फिरवलेली होती. कापलेल्या बाजू भिंतीकडे, धड बाजू आपल्याकडे. मी पेढा खात मागे जाऊन वाकून बघितलं. बुंधा वरून काळा पडला होता आणि बोट लावलं तर आत जात होतं. पिकलेल्या पपईसारखं.

तेलानं आतलं पाणी कोंडलं, कापाला खपली धरू दिली नाही, आणि झाड आतून कुजायला लागलं. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. ज्योतीरामला होतं. तो गुपचूप पुनावळ्याला हायवेच्या कडेच्या नर्सरीत जाऊन विचारून आला होता. अनोळखी माळ्याला विचारायला त्याला काही वाटलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी त्याला जवळून बघितलं, आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला मजा आली. वीस वर्षांनी चूक सापडली होती. योगिनीचा व्हिडिओ कॉल यायचा. बाळ दाखवून झालं की ती म्हणायची, आई, माझं झाड दाखवा. ज्योतीराम खुणेनं नाही नाही करायचा. पहिल्या वेळी सोजराबाईंनी फिरवलेल्या कुंडीची धड बाजू दाखवली. दुसऱ्या वेळी सांगितलं, उन्हाला गच्चीवर ठेवलंय. तिसऱ्या वेळी फोन ठेवल्यावर त्यांचा आवाज पॅसेजमध्ये आला. ओल्या बाळंतिणीशी मी खोटं बोलणार नाही, तुमचं तुम्ही बघा, आणि मला ह्यात घेऊ नका.

एवढं काय त्यात, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. झाडच ते, दीडशे रुपयांत दुसरं येतं. पण ज्योतीरामचं दुखणं झाड मेल्याचं नव्हतं. दारात नको म्हणणारा तोच. छाटणारा तोच. मेलं तेही त्याच्याच हातानं. बिल्डिंगमध्ये बातमी अशी फिरत होती की ती प्रीतमच्या कानावर गेली होती, आणि प्रीतमच्या कानावर गेलेलं फलटणला पोचायला किती वेळ लागतो? सुनेला वाटणार, सासऱ्यानं मुद्दाम केलं. दोन वर्षं जो तिच्याशी सरळ एक वाक्य बोलला नाही, तो आता कोणत्या वाक्यानं तिला सांगणार, की बाई, मुद्दाम नाही केलं?

आणि ही बातमी माझ्या दुकानातून निघाली होती. मजा त्या दिवशी संपली.

मी बातमी मागे घ्यायचा प्रयत्न केला. तुम्ही कधी केलाय का? होत नाही. मी एकीला म्हणालो, अहो, ते तेल चुकून लावलं हो. ती डोळे बारीक करून म्हणाली, तुम्ही शेजारी, तुम्ही झाकणारच.

पुढच्या गुरुवारी ज्योतीरामनं परत पोतं अंथरलं. मी ह्या वेळी दारात उभा राहिलो नाही, आतून फटीतून बघितलं. माळ्यानं सांगितलं होतं, स्वच्छ गर लागेपर्यंत कापत जा, प्रत्येक कापाला सुरी पुसा, आणि काही म्हणजे काही लावू नका. त्यानं काकडीच्या चकत्या कराव्यात तशा बुंध्याच्या चकत्या करायला सुरुवात केली. चकती कापायची, उजेडाकडे धरायची. मधोमध तपकिरी ठिपका. बाजूला ठेवायची. सुरी पुसायची. दुसरी चकती, ठिपका. असं करत तो मातीपर्यंत आला, ठिपका मातीत गेला. बुंधा संपला. पहिला फाटा अख्खा गेला. दुसऱ्या फाट्याच्या शेंड्याकडं येता येता ठिपका बारीक होत गेला, मोहरीएवढा झाला, आणि एका चकतीला नाहीसा झाला. ज्योतीरामनं आणखी एक कापून बघितली. स्वच्छ. राहिलेला तुकडा त्यानं पट्टीवर ठेवला. अकरा सेंटिमीटर. तो तुकडा त्यानं वर्तमानपत्रावर उभा करून कपाटावर ठेवला, उघडा. मग बराच वेळ पोत्यावर बसून राहिला, मांडीवर हात उपडे ठेवून.

रिकाम्या कुंडीला त्यानं लाल कागद बांधला. कंपनीत नापास मालाला बांधतात तसा, तारीख आणि सही घालून. मारुतरावांनी बघितला आणि विचारलं, “आरं ज्योतीराम, ह्यो लाल कागद कशापायी? नवस-बिवस बोललायस का काय?” ज्योतीराम म्हणाला, नापास आहे. मारुतरावांना वाटलं कुंडीच नापास आहे, ते म्हणाले माझ्याकडं दोन पडल्यात, घेऊन जा.

मेच्या मध्यावर एका दुपारी तो दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं एक कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाला की टाइप करून द्या, माझं अक्षर तिला लागणार नाही.

कंपन्यांत एक पद्धत आहे. माल बिघडला की साहेब ओरडत नाहीत, एक कागद देतात. त्यावर पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि पाच वेळा उत्तर लिहायचं, म्हणजे खरं कारण तळाशी सापडतं. व्हाय-व्हाय म्हणतात त्याला सगळे. ज्योतीरामनं आयुष्यभर दुसऱ्यांकडून हे कागद भरून घेतले. हा त्यानं स्वतःवर भरला होता. वर मालाचं नाव, निवडुंग. मालक, योगिनी. जबाबदार, ज्योतीराम. झाड का कुजलं? कापाला तेल लावलं. तेल का लावलं? कंपनीतली सवय. झाड लोखंड नाही हे लक्षात का आलं नाही? कुणाला विचारलं नाही. का विचारलं नाही? घाई.

पाचवा ‘का’ मोकळाच होता.

मी टाइप करत होतो. चौथ्या उत्तराशी आलो आणि बोटं थांबली. ‘घाई’ हा शब्द नंतर लिहिलेला होता. त्याच्या आधी काहीतरी लिहून खोडलं होतं, आणि ज्योतीराम खोडतोही पट्टी लावून, एकच सरळ रेघ, त्यामुळे खालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. ‘शेजारी हसले.’

मी वर बघितलं नाही. तो समोरच उभा होता, काउंटरवरच्या पेनांच्या डब्यातली पेनं सारखी करत. मी ‘घाई’ टाइप केलं. प्रिंट काढली. सरळ आली आहे का हे त्याच्याआधी मीच पट्टी लावून बघितलं. पैसे घेतले नाहीत, तर त्यानं ते काउंटरवर ठेवले आणि गेला. त्या दिवशी दुकानात आलेल्या कुणालाही मी काही सांगितलं नाही. एकानं विचारलं, बरं नाही का?

मेच्या शेवटी योगिनी बाळ घेऊन आली. दारात सोजराबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुतले, आत घेतलं. रीतीप्रमाणे संध्याकाळी आम्ही नवरा-बायको बाळंतविडा घेऊन गेलो. मी जायला तयार नव्हतो. बायको म्हणाली, कधी नव्हे ते लोकांच्या घरी जायचा कंटाळा आला का तुम्हाला? योगिनी पलंगावर बसली होती, बाळ मांडीवर. रिकामी कुंडी तिनं येताना पाहिलेली होती. त्याबद्दल तिनं अजून विचारलं नव्हतं.

ज्योतीराम आतल्या खोलीतून आला. मला वाटलं आता तो कागद सोजराबाईंच्या हातात देईल आणि सोजराबाई सुनेच्या. त्यानं तो सरळ योगिनीपुढं धरला.

“हे वाच,” तो म्हणाला. दोन वर्षांतलं पहिलं.

तिनं वाचला. व्हाय-व्हाय तिला नवीन नव्हता, तिच्याही कंपनीत हेच कागद. वाचता वाचता एकदा ओठ दाबले, हसू की रडू ते कळलं नाही. मग कागद बाळाच्या अंगावरच ठेवून म्हणाली, “बाबा, चौथं उत्तर बसत नाही. गुरुवार होता. गुरुवारी तुम्हाला कसली घाई?”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला. ज्योतीरामनं माझ्याकडे बघितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. त्यानं बघितलं नाही. तो फरशीकडे बघत म्हणाला, “लाज वाटली.”

“कशाची?”

“तुला विचारायची. फोन काढला होता. लावला नाही.”

मी तोंड उघडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की अगं, मी हसलो म्हणून. बायकोनं कोपरानं ढोसलंही, तिला सगळं माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगण्यासारखी खरी गोष्ट होती आणि मी खाली ठेवलेला कप उचलून परत तोंडाला लावला.

योगिनी थोडा वेळ बाळाचं टोपरं सारखं करत राहिली. मग म्हणाली की प्रीतमनं तिला सांगितलं होतं, बिल्डिंगमध्ये काय बोलतात ते. तिनं ते दोन महिने मनात ठेवलं होतं. बाळ रात्रीचं रडलं की तिला तेच आठवायचं, आपण त्या घरात जातोय जिथं आपलं झाडसुद्धा नको होतं.

“नको होतं,” ज्योतीराम म्हणाला. “पहिल्यांदा नको होतं, ते खरं आहे. पण कापलं ते तू सांगितलंस म्हणून. चांगलं कापावं म्हणून दोनदा खूण केली होती. ते तेल चांगलं म्हणूनच लावलं.”

इतकं सलग बोललेला तो कुणी ऐकला नव्हता. सोजराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पदरानं नाक पुसत होत्या, मध्ये पडल्या नाहीत. योगिनीचे डोळे भरले. नऊ वर्षांचं झाड होतं, ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ज्योतीराम आत निघून गेला नाही, तिथंच उभा राहिला.

मग तिनंच विचारलं, काही राहिलं का त्यातलं?

त्यानं कपाटावरून अकरा सेंटिमीटर काढून आणलं, वर्तमानपत्रासकट. योगिनीनं तुकडा उलटा करून कापाला बोट लावलं. कोरडी, फिकट खपली धरली होती. ती म्हणाली, लागेल कदाचित, सांगता येत नाही. मग तिनं पेन मागितलं, ‘घाई’वर काट मारली, वर ‘लाज’ लिहिलं, आणि मोकळ्या पाचव्या ‘का’पुढं दोघांची नावं लिहिली, आधी स्वतःचं. दोन वर्षांत मीही कधी थेट बोलले नाही, ती म्हणाली. ज्योतीरामनं मान उभी हलवली.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी तुकडा लावला. तिनं माती भरली, त्यानं वर्तमानपत्राच्या पट्टीत धरून तो सरळ ठेवला, आणि एक डोळा मिटून बघितलाही. आता पॅसेजमध्ये फोनवर बोलणं चालतं. कंपनीच्या बसमधून तो तिला विचारतो, कुंडीवर ऊन आलं असेल, हलवायची का? पाणी आज की उद्या? सगळी बस ऐकते, असं त्याच्या बाजूला बसणारा एकजण मला झेरॉक्स काढता काढता सांगून गेला.

म्हणजे मला पुन्हा खाज सुटली. माणूस सुधारतो असं मी कुठंच म्हटलेलं नाही. माफी मागायची होती हेही खरं, पण माझ्या तोंडात माफीसुद्धा थट्टा होऊनच येते. परवा ज्योतीराम रजेच्या अर्जाची प्रत काढायला आला, तेव्हा मी म्हणालो, “काय भाऊ, आता कुंडीत पाणी घालायलासुद्धा सुनेला विचारावं लागतं म्हणे?”

त्यानं प्रत उजेडाकडे धरून कडा बघितल्या, घडी घालून खिशात ठेवली, आणि म्हणाला, “विचारतो की. विचारायला तोंड उघडावं लागतंय, ते मला चौपन्नाव्या वर्षी जमलं. तुमचं तर दिवसभर उघडंच असतंय, राव. पण काही विचारायला उघडलेलं मी एकदाबी बघितलं नाही.”